जस्ताची उणीव : काटोलच्या बागा व मानवी आहार

काटोल परिसरातील संत्र्याच्या बागांत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलेला व पाने बारीक झालेली पुष्कळदा आढळतात. जस्ताच्या उणिवेचे हे लक्षण होय. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त असूनही ते मुळांना घेता येण्याजोग्या रूपात राहत नाही. म्हणून झिंक सल्फेट पानांवरच फवारतात.

उच्च वनस्पतींना जस्त आवश्यक असल्याचे १९२६ साली आणि उंदरांना ते आवश्यक असल्याचे १९३४ साली सिद्ध झाले. मानवाची पाळी मात्र फार उशिरा आली. इराणमधील शिराझ येथे आढळलेल्या, वाढ खुंटलेल्या तरुणांचे वर्णन डॉ. आनंद प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६३ साली ईजिप्तमधील तशाच रुग्णांत जस्ताची उणीव त्यांनी दाखवून दिली. इराणी रुग्णांचा आहार प्रामुख्याने न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता. तीमधील फायटिक आम्ल जस्ताला बांधून ठेवते व आतड्यांत त्याचे शोषण होऊ देत नाही. जमिनीतील चुना आणि हे आम्ल यांच्या कार्याची रीत भिन्न असली, तरी परिणाम एकच.

ज्वारीत व कडधान्यांतही हे आम्ल असते. मोड आणल्याने ते घटते. पिवळे पान बागाइतदाराच्या ध्यानी सहज येते. मुलाची खुंटलेली वाढ मात्र आनुवंशिक मानून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. रक्ततपासणीवरूनही एखाद्या व्यक्तीतील सौम्य उणीव खात्रीने ठरविता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी अतिसारग्रस्त मुलांना जस्त देण्याची संयुक्त शिफारस केली, ती २००४ साली.