गिरमिट आणि नामदार गोखले

तीस वर्षें इतिहास शिकवितांना मीं एक वाक्य कितीतरी वेळां फळ्यावर लिहिलें : ‘इ. स. १८३३ मध्यें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला.’ घंटा होतांच आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असूं. मग मळ्यांतला ऊस कोणी तोडला, हें एकाही मुलानें विचारलें नाहीं. मींही सांगितलें नाहीं.

तो आपल्या लोकांनीं तोडला. १८३४ पासून मॉरिशसला, पुढें त्रिनिदाद, आफ्रिकेंतील नाताळ, फिजी येथें हिंदी मजूर जाऊं लागले. मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज तेथें अद्याप नांदत आहेत. पांच वर्षांच्या ‘ॲग्रीमेंट’चें मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें.

कागदोपत्रीं संरक्षणाची वाण नव्हती. मजूर स्वखुषीनें जातो कीं नाहीं, हें पाहण्यास बंदरावर ‘प्रोटेक्टर’ नांवाचा सरकारी अधिकारी असे. फिजीच्या करारपत्रावर पुरुषास रोज एक शिलिंग, स्त्रीस नऊ पेन्स, दिवसाचे नऊ तास काम, हें सारें हिंदी-उर्दूसह छापलेलें असे. एक गोष्ट मात्र त्यांत नसे. करार मोडला तर एरवीं दिवाणी दावा व्हावा. येथें कामावर न जाणाऱ्यावर फौजदारी खटला होऊन तो तुरुंगांत जाई. माझ्या मतें सगळें मर्म या गाळलेल्या ओळींत आहे.

नामदार गोखल्यांनीं, तेही मूळचे शिक्षकच, नेमकें येथेंच बोट ठेवलें. १९१० मधील त्यांच्या ठरावानंतर, १ जुलै १९११ पासून, नाताळची मजूरभरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं सबंध पद्धतीच बंद करण्याचा ठराव मांडला. दोष असतील ते सुधारूं, असा सरकारपक्षाचा सूर होता. जो कायदा मजुरास समजावून सांगितलेलाच नाहीं, त्याला त्यानें संमति दिली असें म्हणावयाचें कसें, हा गोखल्यांचा मुद्दा होता. सरकारी मताधिक्यानें ठराव पडला. १९१५ त गोखले निवर्तले. १९१६ त पंडित मालवीयांनीं तोच प्रश्न पुन्हां उचलला, १९१७ त भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजीं फिजींतील उरलेलीं गिरमिटें रद्द झालीं.

‘प्रोटेक्टर’ हें पद १९२२ च्या आणि १९८३ च्या कायद्यांतही राहिलें. मध्यंतरीं माझा एक जुना विद्यार्थी आखातांतील नोकरीचा करार घेऊन आला. इंग्रजी आणि अरबी मजकूर; मराठी अक्षर नाहीं.

“गुरुजी, पगार बरोबर लिहिला आहे ना?”

पगार लिहिला होता. काम मध्येंच सोडल्यास काय, तें मीं दोनदां शोधलें, सांपडलें नाहीं.