पिस्तुलाचं तोंड वर का उडतं? नियम, वजन आणि हात यांची गोष्ट

आमच्याकडे एअर पिस्तूल शिकायला पोरं येतात. त्यांचे पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, भारीतलं पिस्तूल घेतलं की स्कोअर वाढेल ना?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो, तो आज इथेच लिहून टाकतो.

आधी साधी गोष्ट. गोळी पुढे सुटली की पिस्तुलाला मागे धक्का बसतो. नळी हाताच्या वर असते, त्यामुळे हा धक्का सरळ मागे येत नाही. पिस्तूल मनगटाभोवती फिरतं आणि तोंड वर उडतं. निवांत एकच गोळी मारायची असेल तर त्याचं फारसं काही बिघडत नाही. पण 25 मीटर रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच गोळ्या मारायच्या, आणि वेळ आधी 8 सेकंद, मग 6, शेवटी फक्त 4! हात 45 अंशात खाली धरलेला असतो, तिथून उचलायचा. प्रत्येक गोळीनंतर तोंड खाली आणण्यात जो क्षण जातो, तोच महाग पडतो.

यावर उपाय तीन. नळीखाली वजन लावा, म्हणजे तोंड जड होऊन कमी उडेल. नळीच्या पुढच्या भागात वरच्या बाजूला छिद्रं पाडा, म्हणजे वर निसटणारा वायू तोंडाला खाली दाबेल. किंवा नळीच हाताच्या पातळीला आणा. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या काळातल्या वॉल्थर ऑलिंपिया पिस्तुलाला नळीखाली वजनं लावायची सोय होती. त्या वर्षीचं रॅपिड फायरचं सुवर्ण जर्मनीच्या कोर्नेलियस फान ओयनने नेलं.

त्याच वर्षी हंगेरीच्या सैन्यात कारोली ताकाच नावाचा एक पट्टीचा नेमबाज होता. पण तो होता सार्जंट, आणि संघात जागा फक्त अधिकाऱ्यांना. म्हणजे नेम चांगला असून खांद्यावरचे तारे कमी पडले! पुढे 1938 साली सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि 1939 ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. युद्धामुळे दोन ऑलिंपिक बुडाली. शेवटी 1948 ला लंडनमध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, त्याने सुवर्ण घेतलं. 1952 ला हेलसिंकीत पुन्हा.

मग आले सोव्हिएत तंत्रज्ञ. त्यांनी तिसरा उपाय टोकाला नेला. एमटीएस-3 नावाचं पिस्तूल त्यांनी जवळपास उलटंच बनवलं. नळी इतकी खाली घेतली की धक्का सरळ हातात मागे यायचा आणि तोंड वर उडायला कारणच उरायचं नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास या पिस्तुलाचा मोठा बोलबाला झाला. गंमत बघा, मेलबर्नला सुवर्ण मात्र रुमानियाच्या स्टेफान पेत्रेस्कूने 587 गुण करून नेलं आणि सोव्हिएत चेर्कासोव्ह 585 वर थांबला. तरी त्यानंतर या उलट्या पिस्तुलावर बंदी आली. आजही नियम आहे की नळीची मधली रेषा अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे.

पुढे हलक्या .22 शॉर्ट काडतुसावर अनेक वर्षं निभावलं. 2005 पासून तेही गेलं. आता .22 लाँग रायफल काडतूस, पिस्तूल जास्तीत जास्त 1400 ग्रॅम, ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा, आणि सगळं 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. थोडक्यात, नियमाने सगळ्यांना एकाच पेटीत बसवलं. ते मला योग्यच वाटतं. 2012 ला लंडनमध्ये याच प्रकारात रौप्य जिंकणारे विजय कुमार आपल्या लष्करात सुभेदार होते. 1936 चा हंगेरीचा नियम असता तर ते घरीच राहिले असते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूलमध्ये दोन शूट-ऑफ खेळून सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

पण पेटी सारखी झाली म्हणून पेटीतली जुळणी सारखी झाली का? नाही. आणि माझं दुखणं तिथेच आहे.

गेल्या वर्षी एक पोरगी कोणाचं तरी वापरलेलं एअर पिस्तूल घेऊन आली. मूठ मोठ्या माणसाच्या हाताची. त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून पुढे वजन अडकवलेलं. दहा-बारा गोळ्या झाल्या की मनगट थकायचं आणि गोळ्या खाली जायच्या. घरच्यांना वाटलं, पिस्तूलच खराब, नवीन घ्यायला कर्ज काढू! एअर पिस्तुलाला धक्का नावापुरता असतो हो, तिथे तोंड जड करून काय मिळणार? आम्ही वजन काढलं. मूठ जिथे टोचत होती तिथे कानशीने घासली, जिथे पोकळ होती तिथे लाकडाची लांबी भरली. दोन संध्याकाळी गेल्या. गोळ्या एकत्र पडायला लागल्या. कर्ज टळलं.

हे काम कळणारा माणूस मोठ्या शहरात सापडतो. तालुक्याला नाही. क्रीडा संकुलाच्या उद्घाटनाला फीत कापतात, फोटो होतात, पण आत चार मापांच्या मुठी, ट्रिगर तपासायचं एक वजन आणि हे शिकवणारा एक माणूस ठेवा म्हटलं की फाईल पुढे सरकत नाही. ताकाचला रँकने अडवलं होतं. आपल्या पोरांना न बसणारी मूठ अडवते, फरक एवढाच.

तेव्हा पालकांनो, पिस्तूल बदलायच्या आधी मूठ बघा, तोल बघा. आणि आपल्या लोकप्रतिनिधींना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा संकुलाच्या रंगरंगोटीबरोबर हेही विचारा. खर्च फार नाही, फक्त कोणीतरी मागायला हवं.