गाणं बनवायचं सॉफ्टवेअर: विकत, फुकट की भाड्याने?

आवाज रेकॉर्ड करणं, बीट बसवणं, ट्रॅक एकावर एक रचून मिक्स करणं ही सगळी कामं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, थोडक्यात 'डॉ' म्हणतात. तुमच्या मोबाईलमधलं बँडलॅब किंवा गॅरेजबँड हे त्याचंच छोटं रूप.

२००४ मध्ये ॲपलच्या लॉजिक प्रोची किंमत ९९९ डॉलर होती. २०११ च्या अखेरीस तेच सॉफ्टवेअर १९९.९९ डॉलरला मिळू लागलं. ॲपलला हे परवडतं, कारण त्यांची खरी कमाई मॅक आणि आयफोन विकून होते. पण ज्यांचा धंदाच फक्त सॉफ्टवेअरचा, त्यांनी काय करायचं?

केकवॉक कंपनीचं उदाहरण बघा. २०१६ मध्ये त्यांनी सोनार प्लॅटिनमवर 'आयुष्यभर मोफत अपडेट' देऊ केले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मालक गिब्सनने केकवॉकचं कामच थांबवलं. म्हणजे आयुष्य ग्राहकाचं नव्हे, कंपनीचं मोजायचं होतं! पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन चक्क फुकट वाटलं. उलट बेल्जियमच्या इमेज-लाइनने एफएल स्टुडिओवर असंच वचन दिलंय आणि ते आजही पाळलं जातंय. म्हणून वचनाइतकीच कंपनीची तब्येतही बघावी.

आता जोर सबस्क्रिप्शनवर आहे. २०२३ मध्ये आयपॅडसाठी लॉजिक प्रो आलं ते भाडेतत्त्वावरच. त्याच वर्षी मार्चमध्ये वेव्हज कंपनीने आपले प्लगइन, म्हणजे 'डॉ'ला जोडायचे इफेक्ट, एकरकमी विकणं बंद केलं. ग्राहक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

भाड्यात वाईट काही नाही. महिनाभराच्या कामासाठी ते स्वस्तही पडतं. अडचण नंतर येते. पैसे थांबले की ॲप उघडत नाही, आणि प्रोजेक्ट फाइल सहसा दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये चालत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या गाण्यात फक्त ढोलकी थोडी खाली करायची असेल, तरी अडकलात.

त्यामुळे गाणं संपलं की नुसती एमपी३ काढून थांबू नका. प्रत्येक ट्रॅक वेगळा, पहिल्या सेकंदापासून, डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा. याला स्टेम्स म्हणतात आणि ते कुठल्याही 'डॉ'मध्ये उघडतात. फाइली मोठ्या होतात, तेव्हा मोबाईलवर न ठेवता पेनड्राइव्हवर टाका.