धोक्याच्या मालाची खूण : मुंबई गोदीतील स्फोट (१९४४) आणि त्यानंतर

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट बहुधा युद्धकाळातील दुर्घटना म्हणून नोंदविला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे मालावरील खुणेच्या अंगाने पाहावयाचे आहे.

‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले व कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईस लागले. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी चढविण्यात आल्या. शिवाय तेलाची पिंपे होतीच. सुरतेत पर्वत पाटियाच्या कापडबाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना कापूस कसा धुमसतो हे सांगावयास नको. वरची ज्वाला विझते, गाठीच्या पोटात आग जिवंत राहते. असा माल दारूगोळ्याच्या शेजारी! स्फोटके आणणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावण्याची रीत होती. या जहाजावर तो नव्हता. मालाची नोंद कागदावर होती, पण धक्क्यावरील हमालाला कागद कोण दाखविणार? दुपारी धूर दिसला, बंब आले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा दिला जातो. त्यांत ६६ अग्निशामक होते. १४ एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

बंदर, लंगर हे शब्द फारसीतून आले, माल आणि खलाशी अरबीतून. गोदीची बोली नेहमीच मिश्र राहिली आहे. म्हणून तेथे इशारा अक्षरांत नव्हे, चित्रातच हवा. १९६५ साली स्वीकारलेल्या व १ जानेवारी २००४ पासून बंधनकारक झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी धोकादायक माल संहितेने हेच मान्य केले. मालाचे नऊ वर्ग ठरले. प्रत्येकाला कोनावर उभ्या चौकोनातील चिन्ह मिळाले. ओला कापूसही आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतो. कंटेनरच्या चारही बाजूंस किमान २५० मिलिमीटरचे चिन्ह लागते, कारण गाठ डोळ्यांना दिसे, बंद पेटीत काहीच दिसत नाही.

मात्र चिन्ह माल पाठविणाऱ्याच्या सांगण्यावरूनच लागते, आणि ते लागल्यावरही माल कोणाचा हा प्रश्न उरतो. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून क्लोरिन गळला. गोदी कामगार, अग्निशामक आणि जवळच्या नौकानयन महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यात रुग्णालयात गेले.