एनसीसी : सक्तीची पाच वर्षं

'पोरांना दोन वर्षं सक्तीनं लष्करात धाडा' अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून उठते. ती करण्याआधी एनसीसीची कुळकथा ऐकावी, कारण सक्तीचा मोठा प्रयोग आपण तिथे करून पाहिला आहे.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा 1917 मध्ये इंग्रज सरकारनं इंडियन डिफेन्स फोर्स उभारली. इथल्या ब्रिटिश प्रजेतल्या युरोपियनांवर तिची सक्ती होती. हिंदी माणसानं मात्र स्वखुशीनं यायचं होतं. कॉलेजातल्या तरुणांची युनिव्हर्सिटी कोअर त्यातूनच निघाली. पुढे तिची युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर (यूटीसी) झाली, 1942 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर (यूओटीसी). म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष स्वयंसेवक. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे 25 लाखांची हिंदी फौजही भरतीला आलेल्यांचीच होती. पोटासाठी आलेले त्यात पुष्कळ होते, पण कायद्यानं ओढून आणलेले नव्हते.

पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून 1948 मध्ये एनसीसीचा कायदा झाला. कॅडेटवर युद्धावर जाण्याचं बंधन त्यात ठेवलं नाही.

मग 1962 चा चीनचा हल्ला झाला. देश हादरला होता, आणि 1963 पासून कॉलेजातल्या धडधाकट मुलांना एनसीसी सक्तीची झाली. भावना खरी होती, तयारी नव्हती. संख्या एकदम फुगली. त्या मानानं प्रशिक्षकही नव्हते आणि साधनंही. परेड हजेरीपुरती उरली. 1968 मध्ये सक्ती उठली.

आता आपल्या भागातलंच पाहा : ठाण्याचं बांदोडकर कॉलेज 1969 चं, कल्याणचं बिर्ला कॉलेज 1972 चं. सक्तीच्या वर्षांत ही दोन्ही कॉलेजं नव्हतीच. त्यांच्या मैदानांवर उभा राहिलेला प्रत्येक कॅडेट स्वतः नाव देऊन आलेला आहे, आणि मला ही मोठी गोष्ट वाटते.

सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायला राज्यघटनेचं 23 वं कलम आजही मुभा देतं. देशावर तशी वेळ आली तर ती लावावीही लागेल. पण शिस्त लागावी म्हणून शांततेत सक्ती करायची, तर 1963 ते 68 चा अनुभव तिच्या विरुद्ध आहे. पहाटे उठून परेडला यायचं, उन्हात कॅम्प करायचा, 'सी' सर्टिफिकेटपर्यंत टिकायचं, हे मनात असल्याशिवाय होत नाही. त्या सर्टिफिकेटवर लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीपर्यंत जाता येतं.

म्हणून ठाणे-डोंबिवलीच्या पालकांना एवढीच विनंती : कॉलेज सुरू झाल्यावर मुलगा किंवा मुलगी एनसीसीत नाव द्यायचं म्हणाली, तर अभ्यास बुडेल म्हणून अडवू नका.