पसाऱ्याचे उत्खनन : फ्रान्सिस बेकनची खोली

१/८
उत्खनन म्हटले की माती, खापरे आणि पडक्या भिंती डोळ्यांसमोर येतात. १९९८ साली मात्र पुरातत्त्वज्ञ लंडनमधील एका चित्रकाराच्या खोलीत शिरले. तेथे माती नव्हती. होता तो तीस वर्षांचा पसारा.

२/८
पत्ता : ७, रीस म्यूज, साउथ केन्सिंग्टन. सुमारे ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी ही खोली. १९०९ मध्ये डब्लिनला जन्मलेला फ्रान्सिस बेकन १९६१ पासून १९९२ मधील मृत्यूपर्यंत येथे चित्रे काढीत असे. जमिनीवर रंगाच्या नळ्या, कुंचले, पुस्तकांची फाडलेली पाने आणि छायाचित्रे यांचे ढीग. रंग मिसळण्याची पाटी म्हणजे खोलीच्या भिंती आणि दारे.

३/८
नीटनेटकी जागा त्याला ठाऊक नव्हती, असे नाही. रोलंड गार्डन्स येथे त्याने उत्तम उजेडाचा स्टुडिओ घेतला, गालिचे अंथरले, पडदे लावले. तेथे त्याला कामच सुचेना. अखेर ती जागा त्याने सोडली.

४/८
या पसाऱ्यातूनच त्याची चित्रे घडत. मायब्रिजने टिपलेली धावत्या देहांची छायाचित्रे, जॉन डीकनने काढलेली मित्रांची छायाचित्रे पायांखाली तुडवली जात, दुमडत, रंगांनी माखत. चित्रातले पिळवटलेले चेहरे त्यांच्याशी नाते सांगतात. १९४५ च्या 'फिगर इन अ लँडस्केप' या चित्रातील सुटासाठी तर आपण धूळ वापरली, असे त्यानेच सांगितले होते. ते अर्थात आधीच्या स्टुडिओतले काम.

५/८
मग बेकन काहीच आवरीत नसे काय? आवरीत असे, पण जमीन नव्हे, स्वतःची कला. फसलेली चित्रे तो सुरीने फाडून टाकी. असे सुमारे १०० कॅनव्हास खोलीत सापडले. कित्येकांतून नेमका चेहराच कापून काढलेला होता.

६/८
बेकनचा वारस जॉन एडवर्ड्स याने हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला दिला. प्रत्येक वस्तूची जागा आराखड्यावर नोंदवूनच ती उचलली गेली. भिंती, दारे, जमीन, छत, एवढेच काय, धूळसुद्धा डब्लिनला नेण्यात आली. एकूण वस्तू ७,००० हून अधिक. २००१ मध्ये ही खोली जशीच्या तशी उभारून लोकांसाठी खुली झाली.

७/८
खरा धक्का त्या ढिगांत होता. आपण पूर्वतयारीची रेखाटने करीत नाही, थेट कॅनव्हासवर रंगवतो, असे बेकन मुलाखतींत सांगत आला होता. पसाऱ्यातून मात्र सुमारे ७० रेखाटने निघाली. चित्रांच्या कल्पनांच्या हस्तलिखित याद्याही मिळाल्या. त्याने स्वतःविषयी सांगितलेल्या कथेला त्याच्याच खोलीने छेद दिला.

८/८
१९९२ नंतर कुणी सद्हेतूने ती खोली झाडून काढली असती, तर बेकनचा शब्दच इतिहास ठरला असता. कलावंताने आपली जागा आवरावी की न आवरावी, हा त्याचा प्रश्न. त्यातून काय ठेवायचे आणि काय फाडायचे, हेही तोच ठरवतो. त्याच्यामागे उरलेल्या ढिगाला हात लावणाऱ्याने मात्र आधी कागद-पेन्सिल घ्यावी आणि कोणती वस्तू कोठे पडली आहे, ते लिहून ठेवावे. झाडू नंतरही घेता येतो.