फोटोची उतरंड

आजीच्या शाळेचा १९५८ सालचा ग्रुप फोटो आहे, दहा बाय आठ इंचाचा. मागच्या रांगेत तिची एक मैत्रीण उभी आहे, जी लग्नानंतर परत कधी भेटलीच नाही. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. आजीला तो मोठा करून हवा होता. मी इंजिनियर ना, लगेच तालुक्याला जाऊन १२०० डीपीआयने स्कॅन करून आणला आणि गावच्या जुन्या पीसीवर उघडला. ५१२ एमबी रॅम. पीसी जो झोपला तो झोपलाच.

हिशोब सोपा आहे. १२००० गुणिले ९६०० म्हणजे साडेअकरा कोटी पिक्सेल. जेपेग डिस्कवर कितीही लहान असो, दाखवायचा तर तो मेमरीत उलगडावा लागतो. पिक्सेलला तीन बाइट धरले की झाले ३४५ एमबी. आणि स्क्रीनवर जागा किती, तर जेमतेम आठ लाख पिक्सेलची!

यावरचा उपाय १९८३ चा आहे. त्या वर्षी बर्ट आणि एडेलसन यांनी चित्रांच्या पिरॅमिडवरचा प्रसिद्ध पेपर लिहिला, आणि त्याच वर्षी लान्स विल्यम्सने ग्राफिक्ससाठी मिपमॅप मांडले. पिरॅमिड कसला, आपली मडक्यांची उतरंडच ती. खाली मूळ चित्र, त्यावर निम्म्या लांबी-रुंदीचं, त्यावर त्याच्या निम्म्याचं.... मला वाटायचं यात जागा दुप्पट जात असेल. पण प्रत्येक मडकं खालच्याच्या पावपट, म्हणून सगळी उतरंड मिळून जास्तीची जागा फक्त एक तृतीयांश. कागदावर बेरीज करून बघाच, मजा येते.

कोडॅकने १९९२ च्या फोटो सीडीत हेच केलं. एकाच फोटोच्या १२८ बाय १९२ पासून २०४८ बाय ३०७२ पर्यंत पाच पायऱ्या, आणि वरच्या दोन तर नुसत्या फरकाच्या रूपात साठवलेल्या. पुढे प्रत्येक पायरीचे चौकोनी तुकडे पाडून दिसतील तेवढेच आणायचे, ही युक्ती २००५ साली गुगल मॅप्समुळे घरोघरी पोचली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सीड्रॅगन विकत घेतलं तेही याचसाठी. पिकासा बिचारं २०१६ मध्ये बंद पडलं, तुकडे मात्र अजून सगळीकडे आहेत.

असो. पुण्याला परत येऊन मी फोटोचे २५६ बाय २५६ चे तुकडे पाडले. सगळ्यात खालच्या थरात १७८६ निघाले! पण १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनला एका वेळी फार तर वीस लागतात. थोडं जावास्क्रिप्ट खरडलं, पेन ड्राइव्ह घेऊन पुढच्या शनिवारी गावी हजर.

तोच पीसी, पण आता फोटो लोण्यासारखा सरकत होता. मागच्या रांगेत गेलो, चेहरा स्क्रीनवर पावणेतीनशे पिक्सेलचा झाला. आजी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.

"हीच ती," म्हणाली. "आणि ती रिबीन माझी आहे. परत दिलीच नाही मेलीने."